सिलाथिपची छत्री

वान्नीने जेवणाचा डबा शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला, चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यापाशी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली,

“आधी मला सिलाथिप दाखव.”

प्लोय हसली. शेअर दलालांच्या या कंपनीत ती नवीन होती, आणि आणखी नवीन असलेलं यंत्र म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना समजावून द्यायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. सकाळपासून घसा सुकेस्तोवर ती सांगत होती. या एआयला आपण साध्या बोलीत नियम सांगायचा. कर्ज कमी हवं, दरवर्षी लाभांश देणारी हवी, आणि सध्या भाव उतरलेली हवी, एवढं म्हटलं की ते बाजारातल्या सगळ्या कंपन्या चाळून आपल्याजोग्या तेवढ्या वेगळ्या काढतं. नियमावर भरवसा नसेल तर तोच नियम मागच्या वीस वर्षांना लावून बघायचा. तेव्हा काय घेतलं असतं, कधी विकलं असतं, आज हातात काय उरलं असतं, सगळं समोर दिसतं. पडद्यावर एक हिरवी रेघ कोपऱ्यातून निघून वर वर चढत गेली होती. एकही कंपनी बुडीत निघाली नव्हती. ते पाहून वोंगवियन याई चौकातल्या त्या हॉलमधले सगळे म्हातारे पुढे सरसावून बसले होते. नाहीतर एरवी थंडगार हवा, फुकटची कॉफी आणि दुपारचं जेवण यांसाठीच निम्मे लोक इथे यायचे.

वान्नीने सिलाथिपचं नाव उगाच घेतलं नव्हतं. फरशा बनवणाऱ्या त्या कंपनीत तिच्या नवऱ्याने, तोंगने, तिच्या आईचं तालात फ्लू बाजारातलं दुकान घातलं होतं. दुकान विकून शेअर घेतले, शेअर मातीमोल झाले, आणि वान्नी हातगाडीवर आली. तेव्हापासून ती रोज पहाटे उठून लसणाच्या पातीचे वडे उकडते आणि तव्यावर परतून विकते. त्या दिवसापासून तिने तोंगच्या हाती पैशाचा व्यवहार म्हणून दिला नाही. लोक अजून त्याला मानाने ‘हिआ’ म्हणत, थोरला भाऊ म्हणून. लग्नापासून तीही तसंच म्हणायची. मग तिने तो शब्दच टाकला. बाजारात लहान गुंतवणूकदारांना दिव्यावर झेपावणारे पंखवाले किडे म्हणतात, तेच तिने नवऱ्याला चारचौघांत ऐकवलं, एकदा नव्हे, येता जाता. तो ऐकून घ्यायचा. त्याचं ते ऐकून घेणंच तिच्या डोक्यात जायचं.

आता पुन्हा चार पैसे जमले होते. गाडीवरचे होते, शिवाय धाकटी बहीण जाताना तिच्या नावे करून गेली ते होते. ते सगळे आज या यंत्राच्या नियमावर लावायचं तिने ठरवलं होतं. माणसाच्या अकलेचा तिला पुरता अनुभव आला होता. यंत्र तरी भुलत नाही, थापांना बळी पडत नाही.

आणि अजून एक काम होतं. सकाळी तोंगच्या मोटरसायकलवर मागे बसून येताना तिने त्याच्या पाठीला सांगितलं होतं की आज छापून आणते. यंत्राने तुझ्या सिलाथिपला हातसुद्धा लावला नसता, हे कागदावर घेऊन येते आणि तुझ्या उशाशी चिकटवते. तोंगने गाडी स्टँडवर लावली होती. तो आत्ताही खाली पेरूवाल्याच्या गाडीशेजारी उन्हात उभा असणार. कंपनी बुडाल्यापासून तो या इमारतीचा जिना चढला नव्हता. डोक्यावर निळी छत्री, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘सिलाथिप’. भागधारकांच्या सभेला गेलेल्या प्रत्येकाला मिळाली होती तसली. दुकान गेलं, पैसे गेले, छत्री तेवढी टिकली. वान्नीने ती दोनदा कचऱ्यात टाकली आणि दोन्ही वेळा त्याने ती उचलून, पुसून परत आणली.

“मावशी, या नावाची कंपनीच नाही,” प्लोय म्हणाली.

“नीट लिही. फरशांची.”

प्लोयने पुन्हा लिहिलं. पडद्यावर पुन्हा तेच उत्तर आलं. मग तिने समजावून सांगितलं, तेही अगदी गोड आवाजात. ज्या कंपन्या बुडून बाजाराच्या बोर्डावरून उतरल्या त्या यादीत नसतात. आज त्या घेताच येत नाहीत, तर ठेवायच्या कशाला? त्यांची माहिती अर्धवट असते, गोंधळ होतो. म्हणून आधीच सगळं साफ केलेलं असतं.

“साफ,” वान्नी म्हणाली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. साफ करणं म्हणजे काय ते तिला कोणी शिकवायला नको होतं. करपलेला तवा रोज घासून घासून तिची नखं झिजली होती, ती याच साफ करून टाकलेल्या कंपनीपायी.

“म्हणजे बुडालेल्यांना आधी उचलून बाहेर टाकायचं,” ती म्हणाली, “आणि मग सांगायचं, बघा, वीस वर्षांत कोणी बुडालंच नाही. बरा न्याय आहे गं तुमचा. खाली माझा नवरा उभा आहे. त्याच्या छत्रीवर त्या कंपनीचं नाव आहे. आणि तुझ्या यंत्राला ती ठाऊकच नाही?”

मागच्या रांगेत जेवणाऱ्यांचे चमचे थांबले. प्लोय गोरीमोरी झाली. पण पोरगी मनाची खोटी नव्हती, आणि यंत्रावर तिचा जीव होता. ती म्हणाली, जुन्या कंपन्यांचे भाव आणि ताळेबंद मागच्या खोलीतल्या संगणकात पडून आहेत, ते घालून देते. मावशींनी उगाच मनात किंतु ठेवू नये. यंत्र असल्या कंपनीच्या वाटेला गेलंच नसतं, हे त्यांना आत्ता स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

“हं, दाखव. आणि त्याचाच कागद दे मला,” वान्नी म्हणाली.

लोकांचं जेवण होईतो प्लोय आत-बाहेर करत होती. कोंबडीभाताचा वास दरवळत होता. वान्नीने डबा उघडला नाही. शेजारची खुर्ची तोंगची. तिसऱ्या रांगेतली, थंड हवेच्या झोताखालची. तिच्यावर अजूनही सहसा कोणी बसत नसे. बुडालेल्याची जागा म्हणून टाळायचे की आदराने, कोण जाणे. वान्नी मात्र गाडी आवरून गार हवेला आली की आपली पिशवी तिच्यावर आपटायची.

मग पडद्यावर रेघ पुन्हा उगवली. सुरुवातीला पहिल्यासारखीच चढली. बाजूला यंत्राने केलेले सौदे एकाखाली एक उमटू लागले, आणि त्यांत सिलाथिप आली.

घेतली.

वान्नीने तारीख वाचली. चिनी नववर्षाच्या आधीची होती. तोंगने घेतली होती ती नववर्ष उलटल्यावर. तिला पक्कं आठवत होतं, कारण लाल पाकिटांतली ओवाळणीसुद्धा त्याने त्यात घातली होती. यंत्राने त्याच्याही आधी घेतली होती. पुढे भाव पडला, लाभांश चालूच होता, तर यंत्राने आणखी घेतली. अजून पडला, अजून घेतली. मग सौदे बंद पडले, आणि हिरवी रेघ धापकन खाली आली. थोडी सरळ चालली आणि पुन्हा खाली. तिथे दुसरंच कुठलंतरी नाव होतं, एका साखर कारखान्याचं.

प्लोय घाईघाईने नियम तपासू लागली, आपणच काही चुकलो का म्हणून.

वान्नीला तोंग आठवत होता, याच खुर्चीवर बसून पेन्सिलीने ताळेबंदाच्या समासात खुणा करणारा. घरी आल्यावर जेवताना त्याने तिला समजावलं होतं. कर्ज कमी आहे, दरवर्षी लाभांश देतात, आणि आत्ता भाव उतरलाय. तेच शब्द. आज सकाळी हेच शब्द प्लोयच्या तोंडून ऐकताना तिने किती कौतुकाने मान डोलावली होती! कर्ज होतंच त्या कंपनीवर, डोंगराएवढं होतं, पण कागदोपत्री दडवलेलं. तोंगला ते कळलं नाही. या यंत्रालाही कळलं नसतं. आणि ती इतकी वर्षं त्या माणसाला घालूनपाडून बोलत आली होती.

“हे काय चाललंय?”

शाखेचे साहेब, विरत, दारात उभे होते. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि प्लोयला हलक्या आवाजात ते काढून टाकायला सांगितलं. मग वान्नीपाशी येऊन वाकून हात जोडले. जुनी, मेलेली प्रकरणं उकरून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. तो अपवाद होता. गिऱ्हाइकांनी पुढे बघावं.

“ताई, तो निर्णय शेवटी हिआ तोंगचा स्वतःचा होता,” ते मऊपणे म्हणाले.

वान्नी उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला.

“विरत, तेव्हा तू साहेब नव्हतास. त्या कंपनीच्या मालकाला तूच या हॉलमध्ये आणलं होतंस. भाजलेलं बदक वाटलं होतंत सगळ्यांना. माझा नवरा हावरट म्हणून बुडाला नाही. तो शहाण्यासारखा वागला, तुम्ही सांगितलंत तितकाच शहाणा. आणि बुडाल्यावर तुम्ही काखा वर केल्यात. आता तर ती कंपनी नव्हतीच म्हणता. मग मी त्याला कशाबद्दल बोलत होते इतकी वर्षं?”

मागच्या रांगेतून एक म्हातारबा खाकरले.

“पोरी, ती साखरेची होती ना, ती परत दाखव,” ते प्लोयला म्हणाले. “ती आमची.”

“आणि आमची ती कोळंबीवाली घाल,” कोणीतरी बाई म्हणाली.

प्लोयने साहेबांकडे पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं. तिने काही काढून टाकलं नाही.

वान्नी जिना उतरली. पैसे कुठेच लावले नव्हते, कागद घेतला नव्हता. खाली ऊन मी म्हणत होतं. तोंग पेरूवाल्याच्या गाडीशी छत्री धरून उभा होता. सावली गाडीवरच्या पेरूंवर पडावी म्हणून त्याने छत्री कलती धरली होती, आणि स्वतः अर्धा उन्हात होता. तिला पाहून त्याने खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली.

“आणलास कागद?” त्याने विचारलं. विचारण्यात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. उशाशी जागा करून ठेवल्यासारखं विचारलं त्याने, आणि तेच तिला सोसेना.

“यंत्राने पण घेतली असती,” वान्नी म्हणाली. “तुझ्याआधी.”

तोंगने किल्ली बोटाभोवती फिरवली.

“किती वेळा?”

“तीनदा.”

“मी दोनदाच घेतली,” तो म्हणाला.

तिला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ नको ते आलं. तिने पदर नव्हता म्हणून बाहीनेच डोळे पुसले. पेरूवाला शहाणा, त्याने तोंड फिरवून पेरू कापायला घेतला.

“वर चल, हिआ,” ती म्हणाली. “डबा ठेवलाय तुझ्या खुर्चीवर.”

तो शब्द ऐकून तोंगने मान वर केली. मग जिन्याकडे पाहिलं. किल्ली खिशात टाकली, गळ्याशी शर्टाचं बटण लावलं. पायरीपाशी आल्यावर त्याचा हात सवयीने छत्रीच्या खटक्यावर गेला.

“मिटू नकोस,” वान्नी म्हणाली.

“अगं, आत कोण उघडी छत्री घेऊन जातं?”

“आपण. नाव दिसू दे त्यांना.”

जिना अरुंद होता. दोन्ही भिंतींना छत्रीच्या काड्या घासत होत्या. तोंग पुढे, ती मागे, असे ते सावकाश वर चढू लागले.