चिमट्याची चार टोकं

तिने कोपरं बरगड्यांना घट्ट चिकटवली, अर्धा श्वास सोडला आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. खट्.

"झालं?" नवऱ्याने विचारलं. आपल्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी तो बसला होता, डाव्या हातात उघडं मनगटी घड्याळ, उजव्यात चिमटा, डोळ्याला भिंग.

"हलू नका हो. अजून काढायचेत."

"गिऱ्हाईक आलं तर काय सांगू? बायकोने पुतळा केलाय म्हणून?"

एरवी ती हसली असती. गेल्या महिन्यात तिने काढलेले नाटकाचे फोटो निम्म्याहून जास्त हललेले निघाले होते. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दिग्दर्शक भला माणूस, "अंधारच होता फार" म्हणाला आणि पुढच्या प्रयोगाला दुसऱ्याच फोटोग्राफरला बोलावलं. तिच्या आईचे हात याच वयात कापायला लागले होते. आधी बशीत कप वाजायचा, मग सहीसुद्धा जमेना. त्यामुळे आता दात घासतानाही तिची नजर आरशातल्या स्वतःच्या हातावर असायची. मन चिंती ते वैरी न चिंती.

पहिला फोटो तिने आपल्या जुन्या फास्ट लेन्सने काढला होता. ती लेन्स कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेते, त्यामुळे शटर पापणी लवायच्या आत मिटतं. फोटो लख्ख आला होता.

"बघ," नवरा मान वाकडी करून म्हणाला. "काय धाड भरलीय तुझ्या हाताला?"

"एवढ्या वेगात सगळ्यांचेच हात स्थिर दिसतात. भूकंप झाला तरी कळायचं नाही."

मग तिने कॅमेऱ्याच्या दुकानातून दोन दिवसांसाठी मागून आणलेली दुसरी लेन्स चढवली. हिच्यात स्टॅबिलायझर होता. हात कापला, की आतली काच उलट्या बाजूला सरकून सांभाळून घेते. पण ही लेन्स प्रकाश कमी घेते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. "वय झालेल्यांना वरदान आहे ताई," दुकानदार म्हणाला होता, आणि ते तिला चांगलंच झोंबलं होतं. हिनेही फोटो हलले, तर कॅमेरा ठेवून द्यायचा, असं तिने ठरवलं होतं.

"आता अजिबात हलायचं नाही."

खट्.

तिने पडद्यावर फोटो मोठा केला. भिंतीवरच्या घड्याळाच्या तबकडीवरची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. टेबलावरच्या स्क्रूंच्या खाचाही दिसत होत्या. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिने फोटो खाली सरकवला. नवऱ्याच्या डाव्या हातावरचा केस न् केस दिसत होता. उजवा मात्र धुरकट होता आणि चिमट्याला दोनाऐवजी चार टोकं होती.

"अहो, हललात."

"मी कुठे हललो? ढिम्म बसलोय."

तिने आणखी तीन फोटो काढले. प्रत्येक वेळी सगळी खोली स्पष्ट आणि तेवढा एक हात पुसट. लेन्स सांभाळते ती फोटो काढणाऱ्याचा हात. समोरच्याचा हात हलला, तर ती काही करू शकत नाही. हल्ली तो वरचेवर निसटलेला स्क्रू शोधायला लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगायचा, आणि ती "डोळे तपासून घ्या" म्हणून त्याच्यावर खेकसायची. स्वतःसाठी ती कधी एवढी घाबरली नव्हती.

"गप्प का गं?" त्याने भिंग कपाळावर सरकवलं. "हललाय ना फोटो?"

तिने कॅमेऱ्याचा पडदा स्वतःकडे वळवला.

"हो. माझाच हात."

त्याने चिमटा खाली ठेवला आणि खुर्चीत मागे रेलला.

"हुश्श," तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. "म्हणजे, तुझं वाईटच वाटतंय गं. पण मला वाटलं, माझाच."

ती लेन्सवर झाकण बसवत होती.

"उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे चला," ती म्हणाली. "मला एकटीला भीती वाटते."