नवसाचा सुभेदार

आटपाडीकडच्या माळावर यंदा थंडीनं कहर केला होता, आणि रंगूबाईच्या अंगणात दोन जनावरांनी. एक लालभडक कोंबडा, सुभेदार. दुसरा मेंढा, पैलवान. पहाटे दोघांना एकच जागा हवी असायची, अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीपुढची ऊबदार राख. मेंढा तिथं बसला की कोंबडा त्याच्या पाठीवर चढून टाळकं टोचायचा. कोंबडा बसला की मेंढा मागं सरकून धावत धडक द्यायचा. कोंबडा उडायचा आणि धडक बसायची पाण्याच्या पिंपाला. तिचा नवरा कृष्णात पोट धरून हसायचा.

रंगूबाईला कुठलं हसू येणार! सुभेदार नवसाचा होता. मुलगा शिवतेज सैन्यात, पार बर्फातल्या ठाण्यावर. तो तिकडं गेला तेव्हाच ती म्हसोबाला बोलली होती, पोरगं धडधाकट घरी येऊ दे, धडधाकट कोंबडा वाहीन. खोड असलेला कोंबडा देवाला कसा चालायचा? त्यामुळं सुभेदाराचं एक पीस गळालं तरी बाई त्याला उचलून चोचीपासून नखापर्यंत तपासायची. त्यात शिवतेज अलीकडं फोनवर तुटक बोलायचा. 'बरा हाय' म्हणायचा, आणि तोंड दाखव म्हटलं की रेंज नाही म्हणून ठेवून द्यायचा.

आज तो येणार होता. मिरजेला उतरून एसटीत बसल्याचा फोन आला, तसा रंगूबाईनं कोंबडा डालग्याखाली झाकला आणि वर दगड ठेवला.

"आवं, पोरगं उंबऱ्यात पाय टाकंस्तवर तुमच्या पैलवानाला आवरा."

"आगं, दावं नवं कोरं हाय. काय हुतंय?"

दावं नवं होतं, खुंटी जुनी होती. मेंढ्यानं खुंटीच उपटली. पहिल्या धडकेत दगड उडाला, दुसरीत डालगं कोंबड्यासकट त्याच्याच शिंगांत अडकलं. आत सुभेदार, खाली पैलवान. कोंबडा आतून टोचतोय, मेंढा आंधळा होऊन अंगणभर पळतोय! वाळत घातलेली लुगडी त्यानं ओढून नेली. दाव्याला धरायला गेलेला कृष्णात फरफटत जाऊन शेणाच्या पाटीत बसला. शेवटी डालगं भिंतीवर आपटून फुटलं.

सुभेदार बाहेर आला, तो अर्धा तुरा फाटलेला. डोळ्यावर रक्त आलं होतं.

रंगूबाईनं धावत जाऊन त्याला कवळ्यात धरलं. पोरगं अजून वाटेत होतं. तिला डोळ्यांपुढं एसटी दिसायला लागली, घसरलेली, कलंडलेली, नको नको तशी. तुऱ्यावर हळद दाबत ती म्हसोबाची विनवणी करत राहिली. "माजी चूक हाय, बाबा. पोराच्या वाटंला जाऊ नगंस."

"आये!"

फाटकात शिवतेज उभा होता. ती उठली, हात सुटला, सुभेदार पळाला आणि त्याच्यामागं पैलवान. शिवतेजनं हसत पिशवी टाकली आणि मेंढ्याला आडवा जायला धावला. दोन पावलं धावला आणि कोसळला. मेंढा त्याच्यापासून लांबच होता.

रंगूबाईला हसू आलं नाही. तिनं त्याचं लंगडं धावणं पाहिलं होतं. ती जवळ बसली आणि तिनं त्याच्या उजव्या पायातला बूट काढला. मोज्याचं टोक रिकामं होतं.

"बर्फानं गेली बोटं," तो मान खाली घालून म्हणाला. "तुमी घोर लावून घेतला असता. म्हून न्हाई सांगितलं."

कृष्णात शेणानं माखलेला तसाच उभा राहिला. रंगूबाईनं ते पाऊल मांडीवर घेतलं आणि दोन्ही हातांनी चोळत राहिली. इतक्या दिवसांची धास्ती डोळ्यांवाटे वाहून चालली होती. चुलीपुढं जाऊन बसलेल्या कोंबड्याकडं बघून शिवतेज म्हणाला, "त्याचा तुरा गेला की गं. आता देवाला कसा चालंल?"

"न चालायला काय झालं?" रंगूबाईनं पदरानं नाक पुसलं आणि म्हसोबाच्या दिशेनं एकदा रागानं बघितलं. "त्यानं दिला तसा म्या पदरात घेतला न्हवं? मी देते तसा त्यानं बी घ्यावा."