बदली आल्याशिवाय

आरेच्या जंगलातला बिबट्या मीच पाळलेला. म्हणजे तोंडानं. मरोळच्या आमच्या चाळीत ओट्यावर बसून मी सांगायचो, हा बिबट्या बसच्या मागच्या दारानं चढतो, कंडक्टर त्याला तिकीट विचारत नाही, आणि म्हातारी माणसं त्याला मऊ लागतात. लोक हसायचे. शेजारची रुक्मिणीही हसायची.

चौऱ्याऐंशी सालच्या एका उतरत्या दुपारी ती माझ्या दारात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"धोंडीकाका, मामंजी गेले! भिंतीला टेकले होते हो, जरासा डोळा लागला. उठते तर दार सताड उघडं."

मामंजी म्हणजे तिचे सासरे भाऊराव. पस्तीस वर्षं गिरणीत साचे चालवले, कापड विणलं. संपात गिरणी गेली, मागोमाग त्यांची आठवणही. वेळ-अवेळ उठून पाळीवर निघायचे आणि रुक्मिणी दार अडवून बसायची. नवरा जयवंत ठाण्याला वॉचमन, बारा तासांची ड्युटी. दोन वर्षांत बाई धड झोपली नव्हती. आम्ही शेजारी काय करत होतो? "सून असावी तर अशी," म्हणत होतो.

नाक्यावरचा पानवाला म्हणाला, आजोबा आरेच्या बसमध्ये चढले. आम्ही पुढची बस पकडली. झाडी दाट झाली तशी रुक्मिणीनं खिडकीची दांडी घट्ट धरली.

"काका, तो खरंच म्हातारी माणसं..."

"वेडी का काय! मी थापा मारतो, ठाऊक नाही?"

"सगळ्याच?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. पुढच्या वळणावर गवत हललं आणि माझीच थाप माझ्या मानगुटीवर बसली.

"लोक म्हणतील, सून झोपली होती," ती पुटपुटली. "आणि झोपलेच होते ना."

एवढ्यात कुठूनतरी खटखट ऐकू आली. रुक्मिणी ताडकन उठली. "उतरा! हा साच्यासारखा आवाज ऐकून मामंजी बसमध्ये राहणारच नाहीत."

रस्त्याला लागूनच म्हशींचा तबेला होता. आत कडबा कापायचं यंत्र चालू, आणि त्यावर हात ठेवून भाऊराव उभे. पातं बोटांपासून वीतभर.

"बंद किया तो चिल्लाता है, खींचा तो मारता है," गवळी रडवेला झाला होता. "अंधेरा होने को आया, बाबा. कल इधर से तेंदुआ बछड़ा ले गया."

"मामंजी, घरी चला."

"बदली येवक नाय अजून," भाऊराव तिच्याकडे न बघता म्हणाले. "साचो सोडून खय जाव?"

तिनं मनगट धरलं तसा त्यांनी हिसडा दिला. हात पात्याकडे सरकला. रुक्मिणीनं मनगट सोडून दिलं.

बदली कामगार आल्याशिवाय साचा सोडायचा नाही, हा गिरणीतला नियम मलाही ठाऊक होता. मी स्वतः अकरा वर्षं बदली कामगार. बनियनच्या खिशातलं बसचं तिकीट काढून मी बदलीचा पास म्हणून पुढे धरलं. "भाऊराव, मी बदली. इलंय. हो बाजूक."

त्यांनी तिकीट उलटंसुलटं बघितलं. "डाव्या बाजूचो धागो तुटता. लक्ष ठेव." आणि हात काढला.

पण दारातून ते वळून वळून बघायला लागले. बदलीनं साचा सोडून कसं चालेल? मला तिथंच उभं राहावं लागलं. जाता जाता रुक्मिणी थबकली.

"काका, साच्यालासुद्धा बदली मिळते. मला कोण?"

ती दोघं बसमध्ये बसेपर्यंत मी यंत्रापाशी होतो. उजेड गेला. गवतात दोन डोळे चमकले. आता ही थाप म्हणा हवं तर, पण मी त्याला म्हणालो, "बाबा रे, ड्युटीवर आहे." आरेपासून मरोळपर्यंत मात्र मी एकदाही मागे वळून बघितलं नाही, ती थाप नाही.

दुसऱ्याच दिवशी चाळीत पाळ्या लावल्या. दुपारी दोन ते चार मी, सकाळी पलीकडच्या खोलीतली शांताबाई, रविवारी तिचा पोरगा नंदू. पहिल्या दुपारी रुक्मिणी शांताबाईच्या खोलीत आडवी झाली. अर्ध्या तासानं किंचाळत, केस मोकळे, धावत आली. "मामंजी!"

भाऊराव मला तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला शिकवत होते. तिच्याकडे बघून म्हणाले, "पाळी संपाक वेळ आसा. जा, नीज."

ती गेली, पण शांताबाईचं दार उघडंच ठेवून झोपली. ते दार लागायला आठवडा गेला.