बाकी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास

…आणि वहीत सूर्यभाननं केलेल्या त्या बरोबरच्या खुणेची शेपटी लांब होती, निळी, घाईत ओढलेली — थेट पुढच्या ओळीत घुसलेली. बन्सीधर सरांचा अंगठा तिच्यावर थांबला.

भाजक २१६४९. भागाकार ५१३२३८. बाकी २१६४९.

बाकी भाजकाएवढीच! चौथीतलं पोरसुद्धा… म्हणजे आणखी एकदा भाग जातो, खाली शून्य उरतं, आणि अकरा एक्क्यांची ती संख्या — १११११११११११ — मूळ संख्या नाही. फुटली.

वही तपासायला देऊन सूर्यभान समोर उभा होता. झरीच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी शिक्षक म्हणून लागलेला, राखीव जागेवर. बसा म्हटल्याशिवाय बसत नाही, आणि सर म्हणत नाहीत. या संख्येला भाग गेलाच तर बावीसच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्येनंच जाईल, हे त्याचं त्यानं शोधलं होतं — बन्सीधर सरांना अठरा वर्षांच्या नोकरीत सुचलं नव्हतं ते — आणि तसल्या हजारेक मूळ भाजकांनी हातानं भागत तो वर्षभर बसला होता.

"अक्षर लय खराब हाय का, सर?"

"अक्षर ठीक आहे."

"आमची बायकू पंचफुला म्हणती, त्या आकड्यासंगंच नांदा आता." तो हसला. "सोमवारी परभणीत वाचायचंय. समदे गणितवाले येणार. फुटत न्हाई म्हणून सांगतो."

सांगावं. नुसतं एक बोट ठेवायचं… पण आधी विद्यापीठाचं नाव बदलून पाहिजे, आता हेही पाहिजे या लोकांना — हे मी, बन्सीधर, मोठ्यानं नाही म्हणालो. मी कधीच मोठ्यानं म्हणत नाही. मला फक्त ते सभागृह दिसलं: कुणीतरी खडू घेऊन उठेल, शेवटची पायरी फळ्यावर करेल, आणि पुढच्या रांगेतून हसू सुरू होईल, हळू, सभ्य, थांबवता न येणारं… आणि त्याचा चेहरा. तो चेहरा पाहायला मी पहिल्या गाडीनं जाईन.

"कुठं चुकलं न्हाई ना, सर?"

"नाही. वाचा बिनधास्त."

"मंग तपासणारे म्हणून तुमचं नाव घालतो." त्यानं पेन काढलंसुद्धा. पुठ्ठ्यावर बन्सीधर सरांचं नाव, आडनावासकट, पदवीसकट. "तुमच्या नजरेखालनं गेलं म्हणल्यावर कोण काय बोलतंय?"

वही काखेत मारून तो वर्गाकडं गेला. घंटा झाली. सर उठले नाहीत. बावीसची गोष्ट स्वतः शोधणारा माणूस भाजकाएवढी बाकी लिहून पुढं जातो? हजारात एकदा, दमून — जाईलही. किंवा त्यानं ती मुद्दाम ठेवली असेल, मी काय म्हणतो ते ऐकायला… विचारावं, तर ती बाकी मी पाहिली होती हे आधी कबूल करावं लागेल.

भिंतीपलीकडून त्याच्या शिकवण्याचा आवाज येत होता, रोजच्यासारखा. त्यात कुठं हसू आहे का, हे शोधत सर कान लावून बसले. आणि शोधता शोधता त्यांना स्वतःच्या श्वासाच्या आवाजाचीही अडचण व्हायला लागली.