चोपड्याच्या पुस्तकातली आजी

चोपडे गावाचा इतिहास पुस्तकात यायचा होता. परेश मास्तरांनी घरोघरचे जुने फोटो गोळा करून वाचनालयात दोरीवर लावले होते. पानं संध्याकाळी छापखान्यात जाणार, तोवर कोण कुठला ते येऊन सांगा, असा निरोप गावभर फिरला.

सुमंगलाही गेली. तिचे वडील गेले तेव्हा ती लहान होती आणि भाऊ गोकुळदास आईच्या पोटात. घरात वडिलांचा एकही फोटो नव्हता. तिला आठवायचा तो त्यांचा खांदा, त्यावर बसून पाहिलेली जत्रा. चेहरा काही केल्या आठवत नसे.

एका फोटोपाशी ती थबकली. लुगडं, नथ, अंबाड्यात फुलं. बाकड्यावर बसलेली ठसठशीत बाई. खाली चिठ्ठी होती : मालतीची आजी.

"आमचीच ती. दुसरी कोण आसा?" मालती पुढे येत म्हणाली. "आजोबांच्या ट्रंकेत मिळाला. घरी मोठा करून लावलाय. रोज हळदकुंकू वाहते."

"गो मालती, तुझी आजी दशावतारी नाटकाच्या बाकड्यावर कशाला बसेल?"

"पाय दुखले असतील."

सुमंगलाला आईचं बोलणं आठवलं : तुझा बाप नाटकात द्रौपदी झाला की माझ्याहून देखणा दिसायचा. तिनं फोटो जवळून पाहिला : नाक, हनुवटी थेट गोकुळदासची, फक्त मिशी नव्हती.

"मास्तर, ही बाई म्हणजे माझे बाबा."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "सुमंगलाबाय, पुराव्याशिवाय कसं छापू?"

पुरावा घरी नारळ सोलत बसला होता.

"अक्का, तुला वेड लागलं," गोकुळदास म्हणाला. "लग्नापासूनची मिशी आहे ही."

"मिशी पुन्हा येईल. बाबांचा फोटो पुन्हा येणार नाही."

गोकुळदासने कोयता खाली ठेवला आणि दाढीचं पाणी मागितलं.

आईचं लुगडं नेसून, चापाची नथ लावून तो बहिणीमागून रस्त्यानं निघाला. पाव विकणारा पोदेर वळून बघता बघता सायकलसकट कुंपणात शिरला.

वाचनालयात गोकुळदास फोटोखाली टेकला. कुणी न सांगता त्याचा डावा हात गुडघ्यावर गेला, मान किंचित कलली. वर तीच मान, तोच हात.

मग मालती हळूच म्हणाली, "म्हणजे आजोबांनी जन्मभर ट्रंकेत जपलेली बाई ही?"

"आणि तू हळदकुंकू वाहिलेली," सुमंगला म्हणाली.

मालतीला हसू आवरेना. ती जमिनीवरच बसली, तिच्याबरोबर सगळं वाचनालय हसत सुटलं. डोळे पुसत मास्तरांनी चिठ्ठी फाडली आणि नवीन लिहिली : विठ्ठल, द्रौपदीच्या वेषात, सुमंगला आणि गोकुळदास यांचे वडील.

फोटोवरून नजर न काढता गोकुळदासने विचारलं, "अक्का, मी खरंच बाबांसारखा दिसतो?"

"दिसतोस. देखणेपणात थोडा कमी."

त्यावर तो इतका खूश झाला, की नथ काढायला तयार होईना.