एका नावाखाली एकतीस माणसं

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो; पण खिळ्याफळ्यांची नव्हे. संगणकाच्या पानाखाली लोक आपलं मत लिहितात ना, ती प्रतिक्रियांची पेटी. जन्म परक्या कंपनीतला. ड्रेनोव्हो गावच्या वाचनालयातल्या नेव्हेनाने बसच्या वेळांचं पान तयार केलं, त्याच्या तळाशी संगणकी भाषेतल्या चार ओळी चिकटवल्या आणि मला नांदायला आणलं. आले, पण माहेरची शिस्त सोडली नाही: आधी नाव नोंदवा, मग तोंड उघडा.

गावात संगणक एकच, वाचनालयातला. दर गुरुवारी बसने शहरात चीज विकायला जाणाऱ्या वेलिकाआजीने पहिलं नाव नोंदवलं आणि खातं उघडंच टाकून ती घरी गेली. पुढे जो आला तो तिच्याच नावाने लिहीत सुटला. गावाला त्यात काही वावगं वाटेना. गुडघ्यांचं रडगाणं आलं की तो पेन्यो, ड्रायव्हरला शिव्या आल्या की ती त्या ड्रायव्हरचीच बायको, हे शेंबडं पोरही ओळखायचं. माझ्याकडे गर्दी अशी, की वाचनालयाला खुर्च्या पुरेनात.

मग नगरपालिकेचे ग्रुएव्ह साहेब आले. गुरुवारची बस बंद करतो म्हणाले. का, तर माझ्यात एकच नाव.

"प्रवासी एकटी ही बाई. एकशे चाळीस वेळा लिहिलंय, आणि निम्म्या वेळा स्वतःशीच भांडलीये."

"स्वतःशी भांडले असते तर एकदा तरी जिंकले असते, साहेब," वेलिकाआजी म्हणाली.

आणखी प्रवासी दाखवायला साहेबांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. नेव्हेना रडकुंडीला येऊन मलाच उपटायला निघाली. आजीने तिचा हात धरला.

"आरसा कशाला फोडतेस, पोरी? आपण तोंडं धुऊ."

रविवारी चर्च सुटल्यावर सगळा गाव वाचनालयापुढे रांगेत. एकेकाचं वेगळं खातं निघालं. पेन्योने आपला गुप्त शब्द इतक्या मोठ्याने सांगितला, की तो तीनदा बदलावा लागला. सोमवारी साहेबांनी माझ्यातली नावं बोटांवर मोजली, बोटं संपली, पुन्हा सुरुवात केली. एकतीस भरली. बस राहिली.

आता सगळ्यांच्या खिशात फोन आलेत. माझ्याकडे क्वचितच कुणी फिरकतं. तक्रार नाही. फक्त एवढं ऐका, मित्रांनो: जे बोलायचं ते आपल्या नावाने बोला. दुसऱ्याच्या नावामागे उभे राहिलात, तर मोजणीच्या दिवशी तुम्ही तिथे नसताच.