पुढच्या सीटवरचा एर्व्हे

"आज त्याला सांगून टाक," सोलांज म्हणाली. "नाही सांगितलंस तर संध्याकाळी मीच फोन करते."

एर्व्हेने मान हलवली. त्याच्या मान हलवण्यातून होकारही काढता येई आणि नकारही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात सोलांजने बहुतेक वेळा नकारच निघताना पाहिला होता. त्याने कॉफीच्या वाडग्याकडे हात नेला आणि कोपर लागून जॅमची बरणी आडवी झाली. बरणी त्याच्या अगदी शेजारी होती. ती तिथे आहे हे त्याला माहीतच नव्हतं.

सोलांज रागावली नाही, फडकं घेऊन आली. तेच त्याला जास्त लागलं.

काचबिंदू. फेब्रुवारीत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रासमोर बसवलं, हातात बटण दिलं आणि ठिणगी दिसली की दाबायला सांगितलं. एर्व्हेला वाटलं, परीक्षा सोपी आहे, ठिणग्या फार थोड्या येताहेत. मग त्यांनी कागद दाखवला. मधोमध नाण्याएवढा पांढरा ठिपका आणि भोवती सगळं काळं. "समोरचं तुम्हाला छान दिसतं, म्हणून तुमच्या लक्षात येत नाही," त्या म्हणाल्या. "नळीतून बघावं तसं आहे हे. गाडी चालवणं आजपासून बंद." घरी आल्यावर त्याने गाडीची किल्ली मुकाट्याने सोलांजच्या पर्समध्ये टाकली. सायकलचा विषय डॉक्टरीणबाईंनी काढला नाही, कारण एर्व्हेने तो निघू दिला नव्हता.

आणि ती सायकल त्याच्या एकट्याची असती तर गोष्ट वेगळी होती.

सव्वीस वर्षांपूर्वी गावातल्या सायकल क्लबाला कुणीतरी एक दोन सीटची लांबलचक सायकल देऊन टाकली. त्याच सुमारास जिल्हा कचेरीत टेलिफोनवर बसणारा फिर्मां क्लबात येऊन म्हणाला, "मला मागे बसवून न्यायला कोण तयार आहे?" फिर्मां जन्मापासून आंधळा. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. एर्व्हे मुळात लाजरा, त्याला खाली बघायला एक क्षण उशीर झाला. तेव्हापासून दर रविवारी पुढे एर्व्हे आणि मागे फिर्मां. क्लबातले लोक म्हणत, दोघांत मिळून डोळे दोन, पाय चार आणि जिभा तीन, त्यातल्या अडीच फिर्मांच्या.

एर्व्हेने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला होता. शेताशेतांतून जाणारे बारीक रस्ते, जिथे तासातासात एखादी गाडी दिसते, ते त्याला तळहातासारखे पाठ होते. त्या पाठांतरावरच तो फेब्रुवारीपासून फिर्मांला नेत होता. दर शनिवारी ठरवत होता की उद्या सांगायचं. पण सांगितलं की संपलं. क्लबात आता नऊच जण उरले होते आणि त्यातल्या सहांच्या सायकली विजेवर चालत. दुसरा कोण बसणार पुढे? फिर्मां एकटा राहत होता. आठवड्याचे सहा दिवस त्याचं जग म्हणजे जिना, बेकरी आणि परत जिना.

फिर्मां दाराशी हेल्मेट घालून उभा होता.

"चार मिनिटं उशीर. बायकोने मारलं का?"

"जॅम सांडला."

"म्हणजे मारायलाच हवं होतं. कुठे नेतोस?"

"ओढ्याच्या वाटेने, जुन्या गिरणीवरून. बेचाळीस किलोमीटर."

"पाय तुझे, पाय माझे. चल."

ऑक्टोबरचा दिवस होता. कुंपणांच्या झुडपांवरून दव उतरत होतं. लांब कुठेतरी शिकाऱ्यांचा बार झाला आणि कुत्री भुंकली. सायकल निघाली की फिर्मांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, आणि एर्व्हेने जे आहे ते सांगायचं हेही ठरलेलं. गुलाबी ढगांची फिर्मांला गरज नव्हती. रस्त्यावर मेलेला ससा असेल तर मेलेला ससा सांग, म्हणायचा.

"काय दिसतंय?"

"गाई. पांढऱ्या. अकरा... बारा."

"झोपल्यात की उभ्या?"

"झोपल्यात."

खरं तर त्या कुरणात गाई नेहमी असत, म्हणून त्याने सांगितलं. वळून बघायचं तर रस्ता नळीतून निसटतो. रस्ता सोडून बघायची हिंमत त्याला आता होत नव्हती. फिर्मांच्या नाकाला शेणाचा वास लागला असावा. तो पेडल मारत राहिला.

चढ आला. एर्व्हेने "गिअर" म्हटलं, दोघांनी पाय क्षणभर हलके केले, साखळी चढली. या एका गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. त्या क्षणी दोघांचे पाय एकाच माणसाचे असत. चढ संपल्यावर सांगू, त्याने ठरवलं. चढ संपला. ओढ्याशी पोचल्यावर सांगू.

ओढ्याची वाट आली. डावीकडे पाण्याच्या काठाने पॉप्लरची झाडं होती, चाळीस तरी. टँकरवर असताना उन्हाळ्यात तो तिथेच थांबून डबा खायचा.

"आणि आता?" मागून फिर्मां.

"पॉप्लर. पिवळे पडायला लागलेत. वरची पानं आधी."

फिर्मांने कान ओढ्याकडे वळवला. मग म्हणाला, "वारा आहे का रे आज?"

"आहे की. तोंडावर लागतोय."

"हं," फिर्मां म्हणाला.

गिरणी मागे पडली. पुढे दोन्ही बाजूंना मक्याची शेतं होती, निम्मी कापलेली, आणि रस्त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल. उतार होता, सायकल आपोआप धावत होती. आता, एर्व्हेने मनाशी म्हटलं. त्याने तोंड उघडलं.

"फिर्मां, ऐक, मला..."

"ब्रेक!" फिर्मां ओरडला. "उजवीकडून! ब्रेक दाब!"

एर्व्हेने दोन्ही ब्रेक आवळले. सायकल तिरकी झाली, मागचं चाक चिखलात घसरलं आणि समोरच्या पांढऱ्या ठिपक्यात एकदम लोखंडाची हिरवी भिंत आली. मक्याने भरलेला ट्रेलर. दोघं गवतात पडले. ट्रेलर आणि फिर्मांचं डोकं यांत हातभर अंतर होतं.

ट्रॅक्टरवरून चाळिशीची एक बाई उडी मारून उतरली. भीतीने तिचा आवाज जास्तच चढला होता.

"अहो, एवढा मोठा ट्रेलर दिसत नाही? फाटकातून मी मुंगीच्या पावलाने बाहेर येतेय! आंधळे आहात का दोघं?"

"एक आहे," फिर्मां बसल्याबसल्या म्हणाला. त्याने कोपरावरचा चिखल पुसला. "दुसऱ्याचं दुसऱ्यालाच विचारा."

बाई एर्व्हेकडे बघू लागली. फिर्मांनेही चेहरा त्याच्याकडे वळवला होता आणि तो थांबला होता.

"मलाही दिसत नाही," एर्व्हे म्हणाला. "बाजूचं काहीच नाही. फेब्रुवारीपासून."

बाईचा राग तिथेच विरला. "पाणी आणते," म्हणून ती शेतघराकडे गेली. ट्रॅक्टर तसाच घरघरत होता.

"पॉप्लर मार्चमध्ये तोडले," फिर्मां म्हणाला. "सगळे. पेट्या बनवणाऱ्यांना विकले. बेकरीत आठवडाभर तेच चाललं होतं. एरवी तिथनं जाताना पानांचा केवढा आवाज असायचा, पावसासारखा. आता ओढा ऐकू येतो नुसता. आणि तू मला तिथे सात वेळा पॉप्लर दाखवलेस. मे महिन्यात तर घरटंसुद्धा."

एर्व्हे आठवू लागला. ते घरटं त्याने कुठल्या वर्षी पाहिलं होतं?

"मी खोटं नव्हतो बोलत," तो म्हणाला. "मला वाटलं, ते आहेत."

"ठाऊक आहे. खोटं बोललास तर तुझा आवाज फाटतो. पॉप्लर सांगताना फाटला नाही, म्हणून तर कळलं."

"मग तू बसलास कशाला माझ्या मागे? सात महिने? मरायचं होतं?"

"कान होते की माझे." फिर्मांने हसायचा प्रयत्न केला. "आधी वाटलं, सांगेल आपणहून. मग वाटायला लागलं, नाहीच सांगितलं तर बरं. दर रविवारी वाटायचं, आज नको. पुढच्या वेळी." त्याने हेल्मेट काढलं. "मी तुला दोष देत नाही, लेका. मी काही कमी नाही."

एर्व्हेने त्याच्या खांद्यावर हात ठेवू पाहिला. तो आधी हवेत चुकला, मग बाहीला लागला. तिथेच राहिला.

बाईने पाणी आणि आपला फोन आणला. सोलांज अर्ध्या तासात आली. गाडीतून उतरून तिने दोघांचे कपडे पाहिले आणि डिकी उघडली. दोन सीटची ती सायकल गाडीत मावेना, टपावर चढेना.

"राहू द्या गोठ्यात," बाई म्हणाली. "कधी न्याल?"

"बघू," दोघं एकदमच म्हणाले.

बाईने सायकल ढकलत नेली. एवढी लांब सायकल तिने कधी हाताळली नव्हती. फाटकात ती वळेना, तिला दोनदा मागे घ्यावी लागली. एर्व्हे मान वळवून वळवून ती नळीत धरत होता. पुढचं चाक दिसलं, मग मागची सीट, मग फक्त फाटक.

गाडीत फिर्मां पुढे बसला, एर्व्हे मागे. सोलांजने गाडी वर काढली आणि हमरस्त्याला लावली. या रस्त्याला ते दोघं सव्वीस वर्षांत एकदाही लागले नव्हते. ट्रक होते, वेग होता.

"काच खाली करतेस जरा?" फिर्मां म्हणाला.

सोलांजने काच उतरवली. वाऱ्याचा एकच झोत आत आला. त्यात ओढा नव्हता, कुत्रं नव्हतं, शेण नव्हतं. फिर्मां थोडा वेळ कान देऊन बसला.

"कर बंद," तो म्हणाला.

मागे एर्व्हे सरळ समोर बघत होता. त्याच्या ठिपक्यात फिर्मांची मान होती. तिच्यावर सुकलेल्या चिखलाचा एक ओघळ आणि बारीक पांढरे केस. इतकी वर्षं फिर्मां मागे असायचा. त्याची मान त्याने कधी पाहिलीच नव्हती.

गाडी थांबली. सोलांजने इंजिन बंद केलं.

"काय झालं?" फिर्मांने विचारलं.

"पोचलो. तुझं दार आलं."

"इतक्यात?" फिर्मां म्हणाला, आणि बसूनच राहिला.